वेल उपटल्यानंतरचे दिवस

श्रीगुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची कथा या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. अमरापूरचा तो गरीब ब्राह्मण, दारातल्या वेलाच्या शेंगांवर कसाबसा चालणारा संसार, श्रीगुरूंनी घेतलेली भिक्षा, आणि निघताना महाराजांनी मुळासकट उपटलेला वेल. बायको रडायला लागते, नवरा तिची समजूत घालतो, मूळ खणायला जातो आणि द्रव्याने भरलेला कुंभ हाती लागतो. पारायणाला बसलेल्या माणसाला हा सगळा प्रसंग काही मिनिटांचा. शिवाय कुंभ निघणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्या माउलीच्या रडण्यापाशी तो फारसा थांबत नाही.

मी मात्र अलीकडे तिथेच अडतो. वेल तर गेला आणि कुंभ अजून निघालेला नाही, या मधल्या वेळात संसारी माणसानं कसं वागावं? गप्प बसला तर तो संतोष म्हणायचा की नुसती लाचारी? आणि ज्याचा स्वतःचा वेल शाबूत आहे त्यानं दुसऱ्याला "धीर धर बाबा" म्हणावं का?

हा प्रश्न मला घातला तो अमेरिकेच्या सरकारनं. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, तब्बल ४३ दिवस, तिथलं सरकार पैशाच्या मंजुरीअभावी अर्धवट बंद होतं. मुलीचे फोन येत होते, आमची दिवाळी इथे त्या काळजीत गेली. पण ते मी लांबून ऐकलं. त्याच्या सात वर्षं आधीचं मी तिच्या घरात बसून पाहिलं होतं, म्हणून लिहितो ते त्या वेळचंच.

मी कोषागारात उभा जन्म काढलेला माणूस. बिलं तपासायची, पास करायची, मार्चअखेर रात्री बारापर्यंत दिव्याखाली बसायचं. सरकारच्या तिजोरीतून विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय एक पैसाही निघत नाही, हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकलो. अमेरिकेतही नियम हाच आहे. फरक पुढे पडतो. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत पुरा होणार नसेल तर लेखानुदान घेतात, चार-दोन महिन्यांचा खर्च भागतो. आणि सभागृहानं पैसेच नाकारले तर मंत्रिमंडळ घरी जातं, कारकून नाही. तिकडे राष्ट्राध्यक्ष वेगळे निवडून येतात आणि काँग्रेस वेगळी. दोघांचं जमलं नाही तर दोघेही खुर्चीवर राहतात आणि घरी जातो तो कारकून. आपल्या जुन्या राज्य सरकारी मंडळींना १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप आठवत असेल. पण तो संप आपण केला होता. चूक की बरोबर, निर्णय आपला होता. इथे ज्यांचं भांडण त्यांना झळ नाही आणि ज्यांना झळ त्यांचं भांडण नाही.

त्या वर्षी, म्हणजे २०१८ मध्ये, आम्ही उभयता नोव्हेंबरातच मेरीलँडला मुलीकडे पोचलो होतो. जर्मनटाउन म्हणून गाव आहे, वॉशिंग्टनला नोकरीला जाणारी पुष्कळ मराठी कुटुंबं तिथे राहतात. जावई एका केंद्रीय कार्यालयात. धाकट्या नातवाच्या जन्मानंतर मुलीनं नोकरी सोडलेली, म्हणजे घरात पगार एकच. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी फ्लोरिडाला जायचं ठरलं होतं. मी दत्तजयंतीला समाप्ती होईल असा सप्ताह धरला होता, तेव्हा माझी एकच अट होती, की निघायचं ते २२ नंतर.

२२ डिसेंबर, शनिवार, आपल्याकडची तिथी धरून दत्तजयंती. नेमका त्याच दिवसाचा आरंभ होताना, मध्यरात्री, तिकडच्या नऊ खात्यांचा निधी संपला. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना ५.७ अब्ज डॉलर हवे होते, काँग्रेस देईना, आणि त्यांना त्याशिवाय मंजुरी नको होती. सुमारे ८ लाख नोकरदार त्यात सापडले. त्यांतल्या साधारण ३ लाख ८० हजारांना सांगितलं, घरी बसा. उरलेल्या ४ लाख २० हजारांना सांगितलं, कामावर या, पगार मात्र नंतर बघू. आमचे जावई पहिल्या गटातले.

दत्तजयंती आम्ही व्हायची तशी केली. सुंठवडा केला, संध्याकाळी पाळणा म्हटला. नैवेद्याला घेवडा हवा, तर हिंदुस्थानी दुकानातून गोठवलेल्या पापडीचं पाकीट आणलं. हिनं तेवढ्यातच बटाटा घालून भाजी वाढवली, कारण फ्रीजमधलं पुरवून खायचं असं मुलीनं न बोलता ठरवलेलं दिसत होतं. फ्लोरिडाची तिकिटं त्याच रात्री रद्द झाली.

सोमवारी २४ तारखेला सरकारी सुट्टी जाहीर झालेली होती, मंगळवारी नाताळ. बुधवारी जावई कचेरीत गेले ते कचेरी बंद करायला. फार तर चार तासांत आवराआवर करायची, कुंड्यांना पाणी घालायचं, फोनवर संदेश ठेवायचा आणि परतायचं. त्यानंतर जवळजवळ महिनाभर घर. अशी शांत सुट्टी मी जन्मात पाहिली नव्हती. गाडी हलत नव्हती, पाहुणे नव्हते, बाजार नव्हता. थोरला नातू खूश, कारण बाबा दिवसभर घरात. संग्रहालयं तरी दाखवू म्हणून वॉशिंग्टनला न्यायचा बेत केला, तर स्मिथसोनियनची संग्रहालयं आणि प्राणिसंग्रहालयसुद्धा २ जानेवारीपासून बंद. मग आम्ही आजोबा-नातू पत्ते खेळलो.

जावई पहिले दोन दिवस बरे होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेज आवरलं. चौथ्या दिवशी पुन्हा आवरलं. मी म्हटलं, "अहो, कचेरीचं काही वाचायचं असेल तर वाचा ना, वेळ जाईल." तर म्हणाले, "बाबा, ते आम्हाला मनाई आहे. लॅपटॉप उघडायचा नाही, ईमेल बघायचं नाही. फुकट काम करायचं म्हटलं तरी कायद्यानं चालत नाही." हे मला नवीन होतं. तिथे एक जुना कायदा आहे, मंजूर नसलेला खर्च कोणी अंगावर घेऊ नये म्हणून केलेला. त्यात १८८४ पासून असंही म्हटलंय की सरकारनं कोणाची फुकटची सेवा स्वीकारू नये. हेतू चांगलाच आहे. पण हातात काम आहे, करायची इच्छा आहे, आणि हात लावायचा नाही, हे दुःख पगाराच्या दुःखाहून निराळं. त्यातच बोलताना सगळे दोनच शब्द वापरायचे, 'इसेन्शियल' आणि 'नॉन-इसेन्शियल'. सरकारी कागदावर शब्द वेगळा होता, पण लोकांच्या तोंडी हेच. मुलगा विचारायचा, "बाबा, तुम्ही नॉन-इसेन्शियल आहात का?" बापानं काय सांगावं?

तेव्हा मला अवधूतांचा अजगर आठवला. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात, त्यात हा एक. आपोआप तोंडाशी येईल ते खायचं, गोड असो की बेचव, थोडं असो की पुष्कळ. काहीच आलं नाही तर प्रारब्ध म्हणून उपाशी पडून राहायचं, धडपड करायची नाही. जावयांना हे सांगावं असं मनात आलं. बरोबर बसत होतं सगळं. घरी पडून राहायचं, येईल त्यात भागवायचं.

तेवढ्यात पुण्याहून आमच्या एका नातलगांचा फोन आला. त्यांना दुसऱ्या गटाची, म्हणजे बिनपगारी कामावर येणाऱ्यांची हकीगत सांगितली. आमच्या शेजारचाच एक जण विमानतळावर सामान तपासायचा, पहाटे चारला निघायचा, पेट्रोल स्वतःचं. नातलग म्हणाले, "वा, हे तर प्रत्यक्ष निष्काम कर्म! गीता जगतायत लोक." त्यांनी चांगल्याच भावनेनं म्हटलं. पण मला ते झोंबलं आणि अजूनही पटत नाही. कर्माचं फळ मी सोडलं तर तो त्याग. माझं फळ दुसऱ्यानं अडवून धरलं आणि मी हात चोळत कामाला गेलो तर त्याला त्याग कसं म्हणायचं? त्या शेजाऱ्यानं फळ सोडलेलं नव्हतं, तो ते मागतच होता, आणि मागण्याचा त्याला हक्क होता. त्याच्या कर्तव्यबुद्धीला माझा नमस्कार आहे. पण तिला गीतेचं नाव दिलं की अडवणाऱ्याचं काम सोपं होतं. मग तोही म्हणतो, बघा, किती समाधानी माणसं आहेत.

म्हणून अजगराची गोष्टही मी जावयांना सांगितली नाही. त्याऐवजी एकादश स्कंधाची मराठी टीका पुन्हा काढून वाचली. एक साधी गोष्ट इतकी वर्षं वाचूनही लक्षात घेतली जात नाही, ती अशी की अवधूतांनी हे सारं कोणाला सांगितलं? यदुराजाला. राजानं त्यांना आदरानं विचारलं, की जग वासनेच्या वणव्यात जळत असताना तुम्ही एवढे निश्चिंत कसे, आणि त्यांनी उत्तर दिलं. म्हणजे सांगणाऱ्यानं ते स्वतः अंगी आणलेलं होतं, आणि ऐकणारा राजा होता. ज्याची कोठारं भरलेली त्याला सांगितलंय की अजगर पाहा, मध साठवणारी माशी पाहा, तिचा मध लुटून नेणारा पाहा. अवधूत एखाद्या कुणब्याच्या दारात जाऊन, "तुझं पीक गेलं ना, आता अजगरासारखा पडून राहा," असं म्हणाले नाहीत. उलट यतीनं मधमाशीसारखं घरोघरून थोडं थोडं घ्यावं, कुठल्याही गृहस्थाला जड होऊ नये, असं ते सांगतात. गृहस्थाच्या चुलीची त्यांना एवढी काळजी! आपल्या नृसिंहवाडीच्या मधुकरीत हीच मर्यादा आहे.

वैराग्याचा उपदेश वरून खाली करायचा नसतो. त्या जानेवारीत याचं एक उदाहरणच सगळ्या जगानं पाहिलं. २४ जानेवारीला तिथले व्यापारमंत्री विल्बर रॉस टीव्हीवर मुलाखत देत होते. नोकरदार फुकट धान्य वाटणाऱ्या फूड बँकांच्या रांगेत उभे राहतायत, याबद्दल त्यांना विचारलं. ते म्हणाले की लोक तिथे का जातात हे आपल्याला नीटसं समजत नाही, पुढे पगार मिळणारच आहे, त्यावर कर्ज काढता येईल. हिशेब म्हणून चूक नव्हतं ते. पण ते स्वतः अत्यंत धनाढ्य गृहस्थ, आणि रांगेतला माणूस घरभाड्याच्या तारखेला भ्यालेला. कुंभ निघणार हे ठाऊक असलेल्यानं वेल गेलेल्या बाईला विचारावं, रडतेस का, तसं झालं.

त्याच दिवसांत दुसरीही माणसं दिसली. होसे आंद्रेस नावाच्या प्रसिद्ध आचाऱ्याच्या संस्थेनं १६ जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर स्वयंपाकघर उघडलं, सरकारी नोकरदारांना गरम जेवण. टेक्सासात सॅन अँटोनियोच्या शीख बांधवांनी लंगर लावला. यांपैकी कोणी धीराचा उपदेश केला नाही. जेवा म्हणाले.

पगाराचा पहिला दिवस चुकला तो ११ जानेवारीला. पगारपत्रक मात्र वेळेवर आलं. कपाती वगैरे सगळे रकाने जागच्या जागी, आणि हाती येणारी रक्कम शून्य. मी कोषागारात चाळीस प्रकारची बिलं पाहिली, असलं नव्हतं पाहिलं. त्या रात्री खालच्या खोलीत उशिरापर्यंत दिवा होता, मुलगी आणि जावई घराच्या हप्त्याचा विचार करत होते. मी माझ्या पेन्शनीतून काही देऊ केलं, जावयांनी हसून "लागलं तर सांगतो बाबा" म्हटलं. दोन दिवसांनी तुफान बर्फ पडला, दहा इंचांच्या आसपास. त्या बर्फाचा अंदाज वर्तवणारे हवामान खात्याचे लोकही बिनपगारीच कामावर होते.

मग १६ जानेवारीला कायद्यावर सही झाली, की बंद उठल्यावर सर्व सरकारी नोकरदारांना मागचा पूर्ण पगार मिळेल, घरी बसलेल्यांनाही. पैसा हातात आला नव्हता. बंद उठला नव्हता. जेवणात तीच खिचडी आणि तेच लोणचं. पण त्या रात्री खालचा दिवा दहाला मालवला. दुसऱ्या दिवशी जावई नातवाला घेऊन बर्फात घसरगुंडी खेळले. मुलगी म्हणाली, "बाबा, आता खरी सुट्टी वाटतेय."

अवधूतांच्या गुरूंत पिंगला आहे. गिऱ्हाइकाची वाट बघून बघून शेवटी तिची आशाच सुटते आणि मग ती सुखानं झोपते. आमच्या घराला झोप लागली ती आशा पक्की झाल्यावर. मी हे कमीपणानं सांगत नाही. संसारी माणसाचं समाधान असंच असतं, त्याला भिंतीचा आधार लागतो, आणि गृहस्थाश्रमात ते लाजिरवाणं नाही. फक्त त्याला पिंगलेचं नाव देऊ नये. आणि आपल्याला आधार मिळाला तेव्हा तो कोणाला मिळाला नाही, हे पाहावं.

कारण त्या कायद्यात एक मोठी माणसं सुटलेली होती. सरकारी इमारतींत झाडलोट करणारे, कँटीनमध्ये वाढणारे, दारावर पहारा करणारे पुष्कळ जण कंत्राटदाराकडे कामाला असतात. कचेरी बंद म्हणजे त्यांचं काम बंद, आणि बंद उठल्यावर मागचा पगार त्यांना नाही. जावयांच्या मजल्यावर एक बाई संध्याकाळी सफाईला यायची, एल साल्व्हाडोरची, पन्नाशीची. २६ तारखेला जावई कुंड्यांना पाणी घालत होते तेव्हा तिनं विचारलं होतं, पुन्हा केव्हा यायचं? हे म्हणाले, आम्हालाच माहीत नाही. दोघांचं उत्तर त्या दिवशी एकच होतं. १६ जानेवारीनंतर एक राहिलं नाही.

२५ जानेवारीला, ३५ दिवसांनी, बंद उठला. त्याच संध्याकाळी हा विषय घरात निघाला. मुलगी म्हणाली, "आम्ही महिनाभर घरी बसून पूर्ण पगार घेणार. तिनं काय पाप केलं?" जावयांचं म्हणणं, मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून तिला काही द्यावं. आमची ही म्हणाली, दत्ताच्या नावानं दानच होईल ते. इथे माझा आणि हिचा मतभेद झाला, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात काही तो पहिला नव्हे. माझं म्हणणं, हे दान नव्हे. दान आपल्या मालकीचं द्यायचं. जो पगार कामाशिवाय मिळाला तो कायद्यानं आपला आहे, त्यात शंका नाही. पण ज्या नियमानं आपल्याला मिळाला त्याच नियमानं तो तिला मिळायला हवा होता, आणि तिचं नाव यादीत नव्हतं एवढंच. अशा वेळी दिलेला पैसा दान म्हणून दिला तर आपण दाते होतो आणि ती याचक. तसं होऊ नये. ही म्हणाली, "तुम्ही कोषागारवाले, प्रत्येकाला लेखाशीर्ष लावता. बाईला पैसे मिळाले म्हणजे झालं." तिच्याही म्हणण्यात जोर आहे. सॅन अँटोनियोच्या लंगरात कोणी लेखाशीर्ष विचारलं नव्हतं.

पण मला अजून वाटतं की फरक पडतो, निदान देणाऱ्याला. दान म्हटलं की किती द्यायचं ते आपल्या मनावर. देणं म्हटलं की हिशेब करावा लागतो. जावयांनी हिशेब केला. तिचे रोजचे तास, तिची मजुरी, पाच आठवडे. रक्कम मजल्यावरच्या अकरा जणांत वाटली तर प्रत्येकाला जड नव्हती, पण नोट काढून द्यावी एवढी हलकीही नव्हती. सात जणांनी दिले. चौघांचे स्वतःचेच हप्ते थकले होते, त्यांना कोणी विचारलं नाही. जमले ते साधारण तीन आठवड्यांचे.

आम्ही ३ फेब्रुवारीला परत निघणार होतो. इकडे १ तारखेला पीयूष गोयल यांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला होता, निवडणुकीचं वर्ष म्हणून लेखानुदान. परदेशात बसून ती बातमी मी मुद्दाम पुरी ऐकली. त्याच संध्याकाळी जावई कचेरीतून आले. ती बाई परत कामावर आली होती. पाकीट दिलं तेव्हा तिनं ते उघडून पैसे मोजले, हे कशाचे म्हणून विचारलं. यांनी सांगितलं, बंदच्या दिवसांतले तीन आठवड्यांचे. तिनं मान हलवली, पाकीट एप्रनच्या खिशात ठेवलं. मग म्हणाली, पुन्हा बंद होणार असेल तर या वेळी थोडं आधी कळेल का? जावयांनी सांगितलं, आत्ता मंजुरी १५ फेब्रुवारीपर्यंतच आहे. तिनं ती तारीख पाकिटावर लिहून घेतली.